पितळी पट्टीखालची अक्षरं

“बाजारचाच आहे हा खंजीर, असलेया,” आमचे हे म्हणाले आणि तिने उचललेला कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला.

शुक्रवारी तिच्या मुलाचं लग्न होतं. पणजोबांचा खंजीर नवरदेवाबरोबर येईल, असा मुलीकडच्यांना शब्द दिलेला. लढाईत मारावी शहर जळत होतं तेव्हा तिच्या सासूने दुसरं काही न घेता एवढाच अंगाभोवती गुंडाळलेल्या मालोंगच्या घडीत खोचून आणला होता. आता सासूही नाही. आणि मोठे दीर भर बैठकीत म्हणाले, “हा तर तुगाया गावच्या दुकानात पर्यटकांना विकतात तसला आहे. नेऊन हसं करून घ्यायचंय का?”

“काका, नीट बघा ना!”

“अगं, काय बघू? नक्षी माझीच आहे. या पाकळ्या बघ, वाकड्या. सतराव्या वर्षी अशाच काढायचो मी.”

“अजूनही तशाच काढता,” मी म्हणाले.

हे गेली पंचेचाळीस वर्षं असे खंजीर घडवताहेत. त्यांच्यावर नाव दुकानाचं असतं, मांगोर्सी हे यांचं नाव कुठेच नसतं. त्याची त्यांना खंत नाही, मला आहे. पण त्या दिवशी ते खंजीर खाली ठेवेचनात. तळहातावर तोलत राहिले.

“आमचं पातं ट्रकच्या स्प्रिंगचं, जड असतं. हे हलकं कसं? लिंबू आण गं, पळ!”

मी दोन आणली. त्यांनी पात्यावर रस चोळला. हळूहळू त्या करड्या लोखंडावर लाकडासारख्या रेषा उमटल्या, घडीवर घडी ठोकलेल्या जुन्या पोलादाच्या. यांनी ते उजेडात धरलं.

“असलेया, मूठ-म्यान माझं, पण पातं माझं नाही! माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे!”

“म्हणजे हा नुसता समारंभात मिरवायचा होता?”

“थांब, थांब. ही मुठीजवळची पट्टी बघ. एवढी रुंद मी कधी लावत नाही. बाबांनी लावायला लावली होती. ‘का?’ विचारलं तर खेकसले, गप काम कर.”

निखाऱ्यावर तापवून त्यांनी पट्टी सरकवली. खाली बारीक अरबी अक्षरं होती, दुवेची एक ओळ. ताईत होता तो, अंगावर बाळगायचा. असलेया रडायलाच लागली.

मग यांना सगळं उमगलं. यांच्या सतराव्या वर्षी, लष्करी अंमलात, सैनिक घराघरातून शस्त्रं उचलून न्यायचे. बाजारचा खंजीर मात्र हसून फेकून द्यायचे.

“म्हणून तुमच्या घरचं पातं दडवायला बाबांनी माझंच काम निवडलं! दुकानात सगळ्यात वाईट नक्षी माझी होती!” हे मांडीवर थाप मारून हसले. डोळे मात्र भरून आले होते.

हे कळताच असलेयाच्या दिरांनी हस्तिदंती मूठ आणि नवं म्यान बसवायचं काढलं. तिने ठाम नकार दिला. “सासूबाईंनी ज्यात आणला, त्यातच जाईल.”

शुक्रवारी आम्हा बायकांच्या बाजूने मी बघत होते. पातं या हातातून त्या हातात फिरत होतं. मुलीच्या आजोबांनी अक्षरं मोठ्याने वाचली, डोळ्यांना लावली. तेच दीर छाती फुगवून पात्याचं वय सांगत होते. पातं कोणी ओळखलं, हे कोणी विचारलं नाही.

“अरे, म्यान कुठे गेलं?” शेवटी कोणीतरी ओरडलं.

ते शेवटच्या रांगेत यांच्या मांडीवर होतं. आपल्या ठेवणीतल्या मालोंगच्या टोकाने हे त्या वाकड्या पाकळ्या पुसत बसले होते.