आजोबांचा ट्रक आणि माझी धाप

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे आणि सध्या पार वैतागलेलो आहे. संगणकाच्या पेटीत अगदी मधोमध, एका पंख्याखाली माझी जागा आहे. पडद्यावर झाडाचं एक पान हललं, तरी ते किती हलवायचं हे मीच ठरवतो. एवढं करूनही घरात काही बिघडलं, की बोट माझ्याकडेच वळतं.

माझा जन्म वाळूतून झाला. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरायची. धुळीचा एक कण आत आला तरी गहजब व्हायचा. इतक्या सोवळ्यात वाढलेल्या माझ्या नशिबी पुढे काय वाढून ठेवलंय, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

या घरात मला आजोबांच्या नातीसाठी आणलं. ती घरांचे नकाशे काढायला शिकत होती. "वाघ आहे हा," दुकानदार माझ्याबद्दल म्हणाला होता आणि मीही त्याचा शब्द राखला. तिनं काढलेल्या घरांमध्ये मी जिने चढवले, खिडक्यांतून ऊन पाडलं. "माझा संगणक कधी अडत नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग तिला नोकरी लागली, ऑफिसनं लॅपटॉप दिला आणि मी आजोबांच्या वाट्याला आलो.

आजोबांनी जन्मभर मालट्रक चालवला. गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हा मालकानं किल्ली परत मागितली. नंतर कितीतरी दिवस ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत. शेवटी नातीनंच त्यांना ट्रक चालवायचा गेम लावून दिला आणि टेबलाला एक स्टिअरिंग घट्ट बसवलं. त्यांचा जुना क्लीनर बारक्या आता साठी उलटून गेलेला, दूरच्या गावी मुलाकडे राहणारा. त्यालाही तिनं फोनवरून तोच गेम शिकवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी कानांवर हेडफोन चढवून दोघं आपापले ट्रक एका रस्त्यावर काढायचे.

"उस्ताद, आज माल काय?"

"लोखंड. उतारावर अंतर ठेव."

मलाही त्या फेऱ्या आवडायच्या. पण हळूहळू माझा दम उखडू लागला. घाटातल्या वळणावर पडदा थिजायचा आणि पुन्हा हलेपर्यंत ट्रक दरीत गेलेला असायचा.

"उभ्या आयुष्यात गाडी दरीत घातली नाही मी," आजोबा चिडून म्हणायचे, "आणि हे डबडं रोज घालतंय."

एके दिवशी बारक्या सहज बोलून गेला, "उस्ताद, तुम्ही मागूनच या आता. मी होतो पुढं."

आजोबांनी हेडफोन काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीकडे फिरकलेच नाहीत. बारक्याचा फोन आला, तर डोकं दुखतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशीही डोकंच दुखत होतं. ते पुन्हा खिडकीत जाऊन बसले.

मग घरात खल सुरू झाला. नातीचे बाबा म्हणाले, "प्रोसेसर बदलून टाकू." दुकानात विचारलं, तर नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसत नाही, म्हणजे बोर्ड बदला, मग मेमरीही बदला, असं उत्तर आलं.

"म्हणजे नालासाठी घोडं घ्यायचं," बाबा कपाळाला हात लावून म्हणाले.

आज घेऊ, उद्या घेऊ, सेल लागला की घेऊ. रोज तेच दळण. मित्रांनो, आपल्याला काढायचं की ठेवायचं, याची चर्चा आपल्यासमोरच कुणी करत बसलं तर कसं वाटेल? त्यात आजोबा खिडकीतूनच म्हणाले, "म्हातारं झालंय ते. काढा."

हे त्यांनी म्हणावं, याचाच मला जास्त राग आला.

रविवारी नात माझ्यासमोर येऊन बसली. "आधी बघू तरी, कुणामुळे अडतंय." तिनं पडद्याच्या कोपऱ्यात माझं तापमान लावलं आणि ट्रक घाटात घातला. आकडा भराभर चढला आणि मी रेंगाळलो.

"आजोबा, हा तापतोय. जळू नये म्हणून स्वतःच हळू होतोय."

"म्हणजे म्हातारा नाही?"

"म्हातारा आहेच. पण आजारीही आहे."

तिनं संगणक बंद करून पेटी उघडली. माझ्यावरच्या पंख्यात करड्या लोकरीचा भलामोठा बोळा अडकला होता. तिनं तो चिमटीत धरून वर केला. "ही कुठली लोकर?"

आजोबांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिथे करड्या लोकरीच्या पट्ट्या होत्या. रोज त्या धुऊन ते पेटीला टेकवून वाळत घालायचे. "गरम वारा येतो तिथून," ते पुटपुटले. "लवकर वाळतात."

"अहो, तो त्याचा श्वास आहे."

"मग कुणी आधी सांगायचं नाही का?"

मी कसा सांगणार होतो? दरीत घालून सांगत होतो, तेवढंच माझ्या हातात होतं.

तिनं ब्रशनं पंखा साफ केला, माझ्या डोक्यावरचा, उष्णता ओढून घेणारा लेप सुकला होता, तो पुसून ताजा लावला. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

संध्याकाळी आजोबांनी हेडफोन चढवला. "बारक्या, कुठं आहेस?"

"उस्ताद? डोकं थांबलं का दुखायचं?"

"थांबलं. घाटात ये."

घाट आम्ही एका दमात उतरलो. खोटं कशाला बोलू, पुढे बंदरात क्रेन आणि गाड्यांच्या गर्दीत मी थोडा अडखळलोच. नातीनं ते पाहिलं. "रहदारी कमी करून देऊ? की नवाच घेऊ?"

"मोकळ्या रस्त्यावर कुणीही चालवील," आजोबा म्हणाले. "राहू दे हा. बंदरात असंही कोण पळवतं? घाटात पुन्हा अडला तर बघू."

"उस्ताद, पुढं तुम्हीच चला," हेडफोनमधून आवाज आला. आजोबांनी गिअर टाकला.

मित्रांनो, कधीतरी मला काढतीलच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. पण तोवर निदान माझ्या पाठीमागची हवा मोकळी ठेवा. मग खुशाल म्हातारा म्हणा.