खंडेनवमीचा डाग

जिजाबाईंच्या लायसन्सचा अर्ज बळवंतरावांनी भरला, ही या प्रकरणातली पहिली चूक. अक्षर छान काढलं, फोटो नीट चिकटवले आणि 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यात बिनदिक्कत लिहून टाकलं, 'स्वसंरक्षणासाठी'. जिजाबाईंनी फक्त सही केली. तोवर नवऱ्याने पुढे केलेल्या कागदावर सही करायची त्यांना तीस वर्षांची सवय होती.

बळवंतरावांना पिस्तुलांचा नाद. नाद कसला, खूळच म्हणा. पिस्तूल जुनं हवं, जर्मन हवं आणि डबल अ‍ॅक्शनच हवं. म्हणजे पहिल्या गोळीला घोडा आधी हाताने ओढून ठेवायला नको. नुसता चाप दाबला की घोडा आपसूक मागे जाऊन बार उडणार. तरसालीच्या त्यांच्या घरी लोखंडी कपाटात अशी तीन होती. एक माउझर, एक सावर आणि एक वॉल्थर. पण हे वॉल्थर युद्धानंतरचं. युद्धाआधीचं वॉल्थर मिळावं म्हणून त्यांनी वीस वर्षांत किती दुकानदारांचे उंबरे झिजवले याला गणती नाही.

आणि ते वॉल्थर होतं त्यांच्याच सासऱ्यांकडे, नागरवाड्यात. तुकोजीराव संस्थानच्या फौजेत कॅप्टन होते, तेव्हापासूनचं. म्हाताऱ्याने जिवंतपणी जावयाला ते नुसतं दाखवलं, दिलं नाही. पंच्याण्णवच्या श्रावणात तुकोजीराव गेले आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. मुलगा मल्हारराव बँकेतला माणूस, त्याला ती ब्याद नकोच होती. बळवंतरावांना तर हवंच होतं, पण कायद्याने एका माणसाला तीनच हत्यारं. चौथं घ्यायचं तर आधीचं एक सोडायला हवं. मग त्यांनी तोड काढली. लायसन्स बायकोच्या नावावर, पिस्तूल आपल्या कपाटात.

"दाजींनाच दे की आक्का," मल्हारराव म्हणाला. "तू काय करणार त्याचं?"

तो प्रश्न जिजाबाईंना लागला.

लागायला कारण होतं. खंडेनवमीला नागरवाड्यात हत्यारांची पूजा व्हायची. तलवार, भाला आणि वॉल्थर एका पाटावर मांडायचे. चंदन उगाळायचं काम जिजाचं. वडील अनामिका गंधात बुडवून पिस्तुलाच्या डाव्या अंगावर टिळा लावायचे. मग ते उचलून मल्हारच्या हातात द्यायचे, एक क्षणभर. मल्हार रडायचा, त्याला ते जड व्हायचं. जिजा हात पुढे करायची. "पोरीच्या जातीनं हात लावायचा नाही," वडील म्हणायचे आणि पिस्तूल कापडात गुंडाळायचे. लग्न होईपर्यंत तिने गंध उगाळलं, पिस्तुलाला मात्र एकदाही तिचा हात लागला नाही. बापावर तिचा जीव होता, पण ही एक गोष्ट तिने त्यांना कधी माफ केली नव्हती.

पोलीस कमिशनरांच्या ऑफिसात बोलावणं आलं ते पुढच्या पावसाळ्यात. टेबलामागचे अधिकारी चष्म्यावरून अर्ज बघत होते. समोर बसलेली बाई बावन्न वर्षांची, हातात भाजीची पिशवी.

"बेन, तमने कोनी बीक छे?" त्यांनी विचारलं. कोणाची भीती वाटते तुम्हाला?

हल्ली चोऱ्या फार, हे सांगायला शेजारी बसलेल्या बळवंतरावांनी तोंड उघडलं. "साहेब, हमणां चोरीओ बहु..."

"हुं बेनने पूछुं छुं." मी बाईंना विचारतोय.

जिजाबाईंनी अर्जाकडे पाहिलं. काय बोलायचं ते बळवंतरावांनी घरी दोन वेळा पढवलं होतं. चोऱ्या, वस्ती लांब, मुलगी परगावी. सगळं पाठ होतं.

"कोईनी नहीं," त्या म्हणाल्या.

बळवंतरावांनी कपाळावर हात मारला. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मग अर्जात हे काय लिहिलंय, म्हणाले. जिजाबाईंनी सरळ सांगितलं, अर्ज यांनी भरलाय. पिस्तूल माझ्या वडिलांचं आहे. मला ते हवंय, कारण मी त्यांची मुलगी आहे.

अधिकारी हसले, पण वाईट नाही हसले. मग वारस म्हणून नवा अर्ज करा, भावाचं ना-हरकतपत्र जोडा आणि रायफल क्लबाचा दाखला आणा, की बाईंना हत्यार सांभाळता येतं. एक महिना देतो.

स्कूटरवर बळवंतराव घरापर्यंत करवादत होते. "सोन्यासारखी संधी घालवलीस! एक वाक्य बोलायचं होतं, एक!"

"खोटं होतं ते," जिजाबाई मागून म्हणाल्या. "आणि आता अर्ज मी भरणार."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक आटोपल्यावर त्यांनी तो भरला. अक्षर वेडंवाकडं आलं. मल्हाररावाकडे जाऊन त्याच्यासमोर बसून ना-हरकतीवर सही घेतली. तो म्हणाला, "दाजींसाठी एवढी धावपळ करतेस?" जिजाबाई म्हणाल्या, "दाजींचा संबंध नाही यात," आणि चहा न घेता उठल्या.

क्लबात मात्र पहिल्याच दिवशी नाकी नऊ आले. नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी क्लबाचं डबल अ‍ॅक्शन पिस्तूल हातात दिलं. या जातीत पहिला दाब फार जड. घोडा बोटाच्याच जोरावर मागे जायचा असतो. जिजाबाईंनी दाबलं. चाप अर्धा आला आणि बोट थरथरू लागलं. पुन्हा दाबलं, नळी जमिनीकडे गेली. आजूबाजूच्या कॉलेजच्या मुली तोंड फिरवून हसल्या. उस्ताद म्हणाले, घोडा अंगठ्याने आधी ओढून घ्या बेन, मग हलकं जातं. बळवंतरावही तेच म्हणाले.

"नको," जिजाबाई म्हणाल्या. "ते जसं चालवायचं तसंच चालवीन."

घरी आल्यावर त्यांनी दुधाची किटली पाण्याने भरली. कडी उजव्या हाताच्या तर्जनीत अडकवली आणि उचलली. वीस वेळा. दुपारी वीस, संध्याकाळी वीस. बोटाला घट्टा पडला, पोळ्या लाटताना तो ठणकायचा. बळवंतराव पेपरआडून बघायचे आणि म्हणायचे, "अगं, कागदावर नाव असलं की झालं. चालवणार कोण आहे?" जिजाबाई किटली उचलत राहायच्या. असला राग त्यांच्या अंगात आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी चाप शेवटपर्यंत आला. बार उडाला तेव्हा त्या स्वतःच दचकल्या. मग हसल्या आणि पुढच्या चार गोळ्या निशाणाच्या पुठ्ठ्यात घातल्या. उस्तादांनी दाखला जागेवर लिहून दिला.

लायसन्स आलं खंडेनवमीच्या आठ दिवस आधी. ठाण्यातल्या हवालदाराने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि जिजाबाईंनी ते उचललं. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी बळवंतरावांनी ते दिव्याखाली धरलं. युद्धाआधीचा छाप, सगळे नंबर जुळणारे. चेहरा उजळला आणि लगेच पडला. डाव्या अंगाला बोटाच्या पेराएवढ्या जागेतली लोखंडावरची निळी झळाळी उडून गेली होती. खाली तांबूस, खरबरीत डाग.

"काय हे! चाळीस वर्षं गंध लावलंय लोखंडाला! कोणी असं करतं का?" ते कळवळून म्हणाले. "अहमदाबादेत कारागीर आहे. घासून, काळं पॉलिश करून डाग नाहीसा करील. उद्याच नेतो."

"नाही न्यायचं."

"अगं, गंज वाढतो. संग्रहात असं ठेवत नाहीत."

"तुमच्या संग्रहात नाहीच ते. ते माझ्या नावावर आहे. दाखल्यासाठी बोट माझं चाललंय. द्या इकडे."

बळवंतरावांनी पिस्तूल तिच्या हातात दिलं.

खंडेनवमीला दोन पाट मांडले गेले. एकावर बळवंतरावांची तीन. त्यांना ते लांबूनच झेंडूचं फूल वाहायचे, गंधाचा थेंब जवळ येऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या पाटावर एकटं वॉल्थर. जिजाबाईंनी चंदन उगाळलं, अनामिका बुडवली आणि त्या डागावर टेकवली. डाग त्यांच्या बोटापेक्षा थोडा रुंद होता. वडिलांचं बोट जाड होतं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. आधी तेलाचा बोळा घेऊन पिस्तुलावरचं गंध पुसलं. डाग होता तेवढाच राहायला हवा होता.

बळवंतराव आपला पाट सोडून जवळ येऊन बसले.

"जिजा," ते म्हणाले, "जरा हातात घेऊ का?"

जिजाबाईंनी मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि पिस्तूल त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "क्षणभर."