वहीतला अक्षांश

एफ्रेमने पेट्यांवर ताडपत्री का टाकली होती?

धक्क्यावर उभी असलेली ड्रूसिला मघापासून तेवढंच बघत होती. तिचा धाकटा दीर नुकताच होडी घेऊन परतला होता आणि कोणाकडे मान वर न करता, शीळ घालत दोर आवरत होता. न्यूफाउंडलंडच्या त्या दक्षिण किनाऱ्यावर माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल, पण मासा कुठे लागला ते सांगणार नाही. ताडपत्री दिसली की खाली घबाड आहे, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

"भरून आणलीय वाटतं," मॉड कुजबुजली. ही शेजारीण. मार्चमध्ये ड्रूसिलाचा नवरा ऍम्ब्रोज गेला, तेव्हापासून तिच्या होडीवर गळांचे दोर सोडायला मॉडच यायची.

"भरणारच. माझ्या जागेवरून भरलीय."

ती जागा म्हणजे तळाशी असलेला खडकाळ उंचवटा. दाराएवढाले हॅलिबट मासे तिथे दबा धरून असायचे. वर मात्र नुसतं पाणी, खूण ना खुंटी. जागेचा पत्ता होता तो ऍम्ब्रोजच्या वहीत, दोन आकड्यांत. विषुववृत्ताच्या किती वर, तर सत्तेचाळीस अंश वीस मिनिटं. ग्रिनिचच्या किती पश्चिमेला, तर सत्तावन्न अंश अकरा मिनिटं. एक आडवी रेघ, एक उभी. अख्ख्या पृथ्वीवर त्या दोघी एकाच ठिकाणी भेटतात. ड्रूसिला त्या ठिकाणी दोनदा जाऊन आली होती. दोर वर आले ते चिखलाने लडबडलेले, आमिष जसंच्या तसं.

हंगाम आठवड्याभराचा. आज शनिवार; रविवार सोडला, तर आता उरला होता फक्त सोमवार. आणि दफनानंतरच्या चहाला तीच सगळ्यांदेखत बोलून बसली होती, "यंदा हॅलिबट आणला नाही, तर होडी एफ्रेमची." त्याच चहाच्या वेळी एफ्रेम आतल्या खोलीत बराच वेळ होता. वहीही तिथेच होती.

तिने वहीचं ते पान खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं होतं. वीसचा आकडा कोणी खरवडलाय का, शाई वेगळी दिसते का. काही दिसलं नाही. त्यामुळे एफ्रेमवरचा संशय उलट वाढलाच.

ती तरातरा एफ्रेमच्या होडीपाशी गेली आणि ताडपत्री ओढली.

पेट्यांत बर्फ होता. नुसता बर्फ.

"झालं समाधान?" एफ्रेम लालबुंद झाला.

"मग झाकलं कशाला, भावजी?"

"रिकाम्या पेट्या गावाला दाखवू? आणि वहिनी, तुम्ही मला विचारताय? आकडा बदलून वही टेबलावर उघडी कोणी ठेवली? दोन दिवस डिझेल जाळलं मी. चिखल! बुटात चिखल, दाढीत चिखल!"

"म्हणजे वही वाचलीत!"

एफ्रेमची शीळ केव्हाच थांबली होती. "वाचली. पण बदलली नाही. बदलली तुम्ही."

"मी कशाला माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

मॉडला हसू आवरेना. "वा! दोघं एकमेकांना चोर म्हणताहेत, आणि माल एकाकडेही नाही!"

ड्रूसिलाला मात्र हसू आलं नाही. तिने बदलला नाही, त्याने बदलला नाही. मग उरलं कोण? चौतीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्याने आपल्यापासूनही लपवावं? मेलेल्या माणसाचा संशय घ्यायचा तो कसा, आणि भांडायचं तरी कोणाशी?

रविवारी तिथे कोणी गळ टाकत नाही. चर्चमध्ये ती नेहमीच्या बाकावर बसली, बाजूची जागा मोकळी ठेवून. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावले होते. तिसरं होतं ३१२. बाजाची पेटी सुरू झाली, पुढच्या बाकावर एफ्रेमने जांभई दिली, आणि ड्रूसिला चमकली.

वहीत त्या पानाच्या माथ्यावर ऍम्ब्रोजने लिहिलं होतं, 'गीत ३१२'. देवाचं नाव घेऊन लिहायला बसला असेल, असं तिने धरलं होतं. पण हे गीत? हे लागलं की तो पुस्तक मिटायचा आणि तिच्या कानाशी पुटपुटायचा, "ही चाल म्हणजे भिजलेला दोर ओढणं आहे, ड्रू." आवडत्या जागेच्या डोक्यावर नावडतं गीत कोण लिहील?

मग त्याचं दुसरं बोलणं आठवलं. "रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे येता येता जवळ सरकतात. त्यांचं मिनिट आपल्याकडे आटतं. अक्षांशाचं तसं नाही. एक मिनिट म्हणजे दर्यावरचा एक मैल, कुठेही जा." आकडा लपवायचाच झाला, तर त्याने इमानी अक्षांशातच लपवला असणार. तीनशे बारा. तीन मिनिटं आणि वर बारा शतांश. उत्तरेला तेवढं गेलं तर उथळ पाणी लागतं. म्हणजे दक्षिणेला.

हे कोणाला उमगलं असतं? त्याच्या शेजारी बसून गाणाऱ्या बाईलाच. तिने खिशातल्या रुमालाने डोळे टिपले आणि ते गीत दोघांच्या वाटचं गायलं.

सोमवारी सकाळी वहीतल्या जागेहून तीन मैलांवर खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरचा तळ उंच झाला. तिसऱ्याच गळाला हॅलिबट लागला. दोघींनी मिळून तो आत ओढला, तेव्हा मॉड त्याच्याखाली दिसेनाशी झाली.

उत्तरेला एफ्रेमची होडी चिखलावर घिरट्या घालत होती. ड्रूसिलाची होडी आता वाचली होती, आणि आकडा बदलल्याचा आळ तिने त्याच्यावर उगाच घेतला होता. मग तिने वायरलेस उचलला.

"भावजी, वहीतलं काय काय उतरवलंत?"

"दोन्ही आकडे. का?"

"आणि वरची ओळ?"

"ती देवाची? ती कशाला?"

"तेवढीच उतरवायची होती. काल ज्या गीताला तुम्ही जांभई दिलीत ना, तेवढं दक्षिणेला या."

वायरलेसवर खरखर. मग, "वहिनी, हा सापळा तर नाही?"

"नाही आलात तर उत्तम. मला जास्त मिळेल."

वायरलेस सगळ्याच होड्यांवर ऐकू जायचा; लगेच तिसराच आवाज घुसला. "कुठलं गीत रे, एफ्रेम?" मागोमाग चौथा. "आणि कुठून दक्षिणेला?"

एफ्रेमची होडी वळली. दोनदा थांबली, पुन्हा निघाली.

ड्रूसिलाने मासळीवर ताडपत्री ओढली आणि गाठ आवळली.

"अगं, त्याला आत्ताच सांगितलंस की!" मॉड म्हणाली.

"त्याला सांगितलं," ड्रूसिला चहूकडे नजर टाकत म्हणाली. "दर्यावर काय तो एकटाच आहे?"