श्रीपतींचा उजवा हात

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरला आणि पूर्णगडच्या श्रीपतींनी आपल्या आंब्याच्या बागेचं काटेरी कुंपण लवू गड्याबरोबर स्वतः नीट करून घेतलं. दोन दिवसांनी दुपारी जेवताना त्यांच्या हातातला घास ताटात सांडला.

उमाताई वाढता वाढता थांबल्या. "हात बघू."

"काही नाही गं. काटा गेला असेल."

"कधी?"

"काय ठाऊक. दुखलंच नाही."

दुखलं नाही, हे ऐकून उमाताईंनी त्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली. मधुमेहाने नवऱ्याची बोटं बधिर झाली होती आणि त्यांनी ते घरात सांगितलंच नव्हतं. तळवा टरटरून सुजला होता, हाताला गरम लागत होता. अंगठ्यापासून लाली मनगटाकडे चढली होती.

"हळदीचा लेप घाल, उतरेल," श्रीपती म्हणाले. "उद्या फवारणी आहे."

"फवारणी लवू करील. माझ्या महिपतदादालाही साखरच होती. आठवडाभर लेपच घालत बसला आणि बोट गमावून बसला. तुम्ही सदरा चढवा."

चारच्या एसटीने दोघं रत्नागिरीला पोचली. डॉक्टरीणबाईंनी तळव्यावर छेद देऊन पू काढला, आत मोडलेलं काट्याचं टोक निघालं. श्रीपतींना ठेवून घेतलं, इन्सुलिन सुरू केलं.

"वेळेत आणलंत," त्या उमाताईंना म्हणाल्या. "यांना दुखणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं. हात साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बागेत जाड हातमोजे. साधं खरचटलं तरी धुऊन स्वच्छ पट्टी, आणि सूज दिसली की त्याच दिवशी इथे. साखर मात्र ताब्यात हवी."

घरी आल्यावर उमाताई रोज संध्याकाळी पडवीत त्यांचा हात आपल्या हातात घेऊन न्याहाळू लागल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत एकमेकांचा हात कधी धरला नव्हता. रस्त्याने कुणी जाताना दिसलं की श्रीपती संकोचून हात ओढून घेत. उमाताई तो पुन्हा धरत आणि बेचक्या बघत.

मोहोराच्या दिवसांत एकदा उमाताई पाहुण्यांच्या गडबडीत होत्या. श्रीपती बागेतून आले, हातमोजे काढून हात धुतले आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले.

"आज राहिलंय," ते म्हणाले.

करंगळीपाशी बारीक ओरखडा होता. उमाताईंनी पाहुण्यांना बसायला सांगितलं आणि साबण आणायला आत गेल्या.