वानवळा

सुपात खडा सापडेना. दमयंतीने बाजरी पुन्हा पाखडली, बोटांनी चाळवली, सूप उन्हाकडे कलतं केलं… एकही नाही. सरकारी दुकानातल्या धान्यात खडे, माती, उंदराच्या लेंड्या, सगळा प्रपंच असायचा आणि निवडता निवडता निदान चरफडता तरी यायचं. या मेल्या स्वच्छ बाजरीचं मात्र तिला भयच वाटू लागलं होतं.

रंगनाथाच्या मळ्यातला वानवळा. नवं पीक निघालं की ओळखीच्या घरी टोपलीभर पाठवायचं ही तिसगावची रीतच, आणि आलेला वानवळा परत करणं म्हणजे माणसाचा अपमान. पण हा आला तो आणेवारीच्या आदल्या दिवशी — तिचे यजमान विष्णुपंत लेव्हीचे कारकून, कोणाच्या रानात किती आणे पीक आलं ते त्यांच्या सहीने ठरायचं, जितके आणे जास्त तितकं धान्य सरकारात घालायचं. रंगनाथाच्या विहिरीखालच्या मळ्याला चार आणे लागले. राहीबाईच्या खडकाळ तुकड्याला आठ. गावाने द्यायचा आकडा वरूनच ठरलेला. एकाचं कमी झालं की ते दुसऱ्याच्या माथी.

राहीबाई सकाळीच येऊन गेली होती. "बाई, समदी बाजरी लेव्हीत गेली. दुकानात गेल्ते, तर म्हनत्यात शेतकऱ्याला कार्ड न्हाई. कोंडा असंल तर द्या, पोरांच्या भाकरीत घालाया." दमयंतीने कोंडा दिला. बाजरीच द्यावी असं मनात आलं होतं, पण… तिने ओळखली तर?

माझा नवरा खातो का? हा प्रश्न तिने आता झटकणंही सोडलं होतं. आणेवारी झाल्यापासून ती त्यांच्यावर पाळत ठेवून होती — वाटेत रंगनाथ भेटला तर आधी हात कोण जोडतं, चावडीचं नाव निघालं की नजर कुठे जाते, संध्या करताना आचमन लांबतं का… स्वतःचीच लाज वाटायची, आणि तरी डोळे ऐकत नव्हते. विचारायचं तरी कसं? नवऱ्याला असलं कुणी विचारतं? कुणी कुणाला विचारत नाही म्हणून तर सगळं सुरळीत चाललंय, आणि कोंडा मागायला राहीबाई एकटी येते.

दुपारी रंगनाथाची बायको मालनबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली आणि ऐसपैस टेकली.

"आमच्या मालकास्नी लई धाकधूक हुती बगा, वैनी," ती सुपारी कातरत म्हणाली. "सायेब कडक, वानवळा माघारी धाडत्यात का काय. पर टोपलं आलं त्ये खणानारळासकट. तवाच मालक म्हनलं, घरानं मानलं."

टोपलं रिकामं परत पाठवायचं नसतं. आईने शिकवलेलं, आजीने आईला… विष्णुपंत त्या दिवशी राहुरीला गेले होते. नारळ मी ठेवला. खण मी निवडला, हिरवा, त्यातल्या त्यात बरा.

"मग… यांना काय म्हणाले रंगनाथराव?"

"सायबास्नी कशाला म्हनत्याल?" मालनबाई हसली. "आणेवारीच्या पंचास्नी सांगितलं, सायबाच्या घरचा नारळ आलाय. पंचच चार आणे बोलले. सायबांनी लिवलं."

मालनबाईला वाटेला लावून दमयंतीने दार लोटलं. लिहिताना त्यांना ठाऊक होतं? पंच इतके एकमताने का बोलतात, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळलं नसेल? लेव्हीची पोती अजून चावडीत होती. उद्या नगरला जायची. आज सांगितलं तर आणेवारी फिरवता येईल, राहीबाईची बाजरी तिच्या घरी जाईल. फक्त सांगावं लागेल की नारळ माझा… आणि मग सारं गाव म्हणेल, कारकुनाची बायको घेते.

दिवेलागणीला विष्णुपंत जेवायला बसले. पहिला घास चावून थांबले.

"बाजरी गोड आहे. कुठली?"

हीच वेळ. तिने तोंड उघडलं.

"दुकानातली," ती म्हणाली.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं — क्षणभरच, पण ती नजर तिच्या ओळखीची होती. इतके दिवस ती त्यांच्याकडे अगदी अशीच बघत आली होती. मग ते पुढचा घास मोडू लागले, आणि त्यांनी आणखी काही विचारू नये म्हणून ती घाईघाईने दुसरी भाकरी वाढायला उठली.