काळी दोन

"मिस ओव्हाळ, हे काय आहे?" हरिहर साहेबांनी मशीनवर छापलेला लांब कागद टेबलावर पसरला.

"स्वर आहेत, साहेब."

"कंपनीने कॉम्प्युटर पगारासाठी आणलाय. गाण्यासाठी नाही."

"चाचणीचा वेळ उरला होता. त्यात चालवलं."

प्रभावती बी.एस्सी. होऊन चिंचवडच्या ह्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागली होती. तिचा बाप किसन इथेच पत्रे दाबायच्या प्रेसवर होता. प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. त्याआधी वस्तीच्या जयंतीला पेटी तोच वाजवायचा, चालीही स्वतः बांधायचा. आपली एक चाल मास्तरांनी पोरांना शिकवावी म्हणून तो गल्लीतल्या गायनाच्या क्लासला गेला, तर मास्तरांनी विचारलं, "ह्यातला सा कुठला?" किसनला सांगता आलं नाही. "मग ह्याला गाणं कसं म्हणायचं?" म्हणून मास्तरांनी त्याला परत पाठवलं.

प्रभावतीने पेटीच्या पट्ट्यांना ओळीने आकडे दिले आणि ती चाल कार्डांवर पंच केली. कुठल्याच पट्टीला स्वतःचं नाव नसतं. सा ठरला की बाकीच्यांना नावं मिळतात. तो सा मशीननेच शोधायला हवा होता. पण तिने प्रोग्रॅममध्ये पहिला वाजलेला स्वर सा धरला, आणि चाल तर गंधारावरून उठत होती. शुद्ध स्वरांचं सरळ गाणं कागदावर कोमल स्वरांनी भरून गेलं.

"एका कार्डावर सा सांगून टाक की गं मशीनला," शेजारची नीलिमा कुजबुजली.

"मग मास्तर म्हणतील, पोरीने अंदाजाने ठोकलं."

कुजबुज ऐकून साहेब हसले. "एवढं करून उत्तर चुकलंच ना? आजपासून तुमचा चाचणीचा वेळ बंद. आणि ही कार्डं रद्दीत."

"कुठे चुकलं ते कळलंय मला. चाल उठते कुठून ते पाहिलं. ओळ संपताना टेकते कुठे ते पाहायला हवं होतं."

"रद्दीत म्हणालो मी."

"रद्दीच ना? मग मीच नेते." तिने गठ्ठ्याला रबर लावलं आणि चालू लागली.

संध्याकाळी तिने घरात फरशीवर खडूने पेटीच्या पट्ट्या काढल्या. शेजारी हाताने दुरुस्त केलेली कार्डं मांडली.

"हे गं काय?" आईने, कस्तुराने, विचारलं.

"मशीन. कंपनीचं बंद झालं, हे चालू. मूठभर तांदूळ दे आणि गा. बाबा, तुम्ही पेटी वाजवा."

"ह्या हातानं?"

"ह्याच हातानं."

कस्तुरा गायला लागली. किसन जुनी पेटी पुढ्यात घेऊन उरलेल्या बोटांनी तिच्या पट्ट्या चाचपत साथ करत होता. ओळ टेकेल त्या पट्टीच्या खडूच्या चौकटीत प्रभावती एक दाणा ठेवी. कार्ड सांगेल तेवढंच करायचं, आपल्या कानाचं ऐकायचं नाही. एकदा हात भलतीकडे वळला, तेव्हा तिने कार्ड पुन्हा वाचलं.

गाणं संपलं. इकडेतिकडे सुटे दाणे पडले होते. दुसऱ्या काळ्या पट्टीवर, काळी दोनवर, ढीग होता.

"ह्यो सा?" किसनने विचारलं.

"हाच."

कस्तुरा दाणे गोळा करायला वाकली.

"ऱ्हाऊ दे तसंच," किसन म्हणाला. "आन् दार उघड."

समोर मास्तरांचा क्लास भरला होता. किसनने काळी दोनवर अंगठ्याजवळचं बोट ठेवलं आणि भाता हलवायला लागला. क्लासमधला आवाज थांबला. दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. किसनने बोट उचललं नाही.