प्रणयची अर्धी गोळी

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर रूपाला दिवस गेले होते. आता पाचवा महिना चालू होता. सासू चंपाबाई तिला बादलीसुद्धा उचलू देत नव्हत्या. पण रोज सकाळी नवऱ्याची गोळी सुरीनं अर्धी करून त्याच्या डब्याशेजारी ठेवायची, या कामापासून तिला कुणी अडवलं नव्हतं. ती गोळी कशाची, हे फक्त प्रणयला माहीत होतं.

"ताकदीची हाये," एवढंच तो म्हणाला होता. अख्खी घेतली की त्याला चक्कर यायची, म्हणून डॉक्टरांनी अर्धीवर आणलं होतं. कंपनीची बस सव्वासहाला यायची. त्याची धांदल बघून रूपानंच तीन महिन्यांपूर्वी हे काम अंगावर घेतलं.

त्या दिवशी ती गारखेड्यातल्या मेडिकलवर रक्तवाढीच्या गोळ्या आणायला गेली. प्रणयच्या गोळ्याही संपत आल्या होत्या, म्हणून त्याची चिठ्ठी सोबत घेतली होती. दुकान चालवणारी तनुजा चिठ्ठी वाचून थांबली.

"ही कोण घेतं, ताई?"

"आमचे हे. ताकदीची आहे ना?"

"नाही. केस गळतात त्यावरची आहे. एकाच गोळीत दोन औषधं." तनुजाची नजर रूपाच्या पोटावर गेली. "तुम्ही तर हात लावत नाही ना हिला?"

"मीच तोडते रोज."

तनुजानं चिठ्ठी खाली ठेवली. "अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तिचं काही नाही. पण तोडलेली गोळी गरोदर बाईनं हाताळायची नसते. त्यातलं एक औषध पोटातल्या बाळाला बाधू शकतं. घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना विचारा."

रूपा घरी कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. सुरीला लागलेला तो पांढरा भुगा ती बोटानंच पुसायची. कधी हात धुतले, कधी तसंच पीठ मळायला घेतलं, काही आठवेना.

दुपारी प्रणय आला. तिनं विचारल्यावर त्यानं डोक्यावरून हात फिरवला.

"टाळू दिसायला लागली होती. कंपनीत लाईनवरचे पोरं हसायचे. तुला सांगायची शरम वाटली."

"माझ्यापाशी कसली शरम?" रूपा म्हणाली, आणि तनुजानं सांगितलेलं सगळं त्याच्यापुढं मांडलं.

संध्याकाळी दोघं क्रांती चौकातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, सोनोग्राफी केली. बाळाची वाढ चांगली होती.

"अंगात गेलंच असेल तर अगदी थोडं. धोका कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेच्या वाढीत दोष राहू शकतो. मुलगी असेल तर ती भीती नाही."

"मग काय आहे ते..." प्रणय बोलून गेला.

"ते विचारू नका. सांगणं गुन्हा आहे."

प्रणयनं गोळ्या बंद केल्या. रूपाचे मात्र दिवस सरता सरेनात. शेजारची वच्छलाबाई दारात आली की म्हणायची, "पोरगाच हाये, चालीवरून कळतं." रूपा लगबगीनं आत निघून जायची. मुलगीच होऊ दे, असं ती मनात घोकायची. मग पोटात बाळ हललं की वाटायचं, मुलगा असेल तर? आई आपल्याला नको म्हणती, असं त्याला वाटलं तर?

सातव्या महिन्यात एका दुपारी तिला राहवलं नाही. भाजी निवडता निवडता तिनं चंपाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली भाजी बाजूला सारली.

"हे एकटीच घेऊन बसली व्हय इतके दिवस?" त्या म्हणाल्या. "पोरगी झाली तर लई चांगलं. पोरगा झाला तर जसा यील तसा आपला. दवाखाने कशाला हायेत?"

भीती गेली नाही, पण त्या दिवसापासून रूपाला दोन घास जायला लागले.

मुलगा झाला. नर्सनं हसत सांगितलं, तेव्हा रूपानं तिचा हात धरला. "डॉक्टरबाईंना नीट बघायला सांगा. आधी बघायला सांगा."

बाळाच्या डॉक्टरांनीही तपासलं. दोघांनी मिळून बघितलं, आणि त्या पाच मिनिटांत रूपानं त्यांच्यावरची नजर हलवली नाही.

"सगळं ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही दोष नाही."

रूपा इतकी रडली की नर्सला वाटलं, कुठं दुखतंय.

प्रणय आत आला तेव्हा त्याच्या कपाळावरचे केस आणखी मागं सरकलेले होते. तो बाळाकडे बघत उभा राहिला.

"इथून पुढं घरात कसलीबी गोळी आली," रूपा म्हणाली, "तर ती कशाची ते मला आधी सांगायचं."

प्रणयनं मान हलवली. मग खिशात हात घालून गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"डोकं दुखत होतं," तो म्हणाला. "सकाळी एक घेतली."